गरम गाळायचं नाही

संपदा कासेकरनं प्रयोगशाळेचा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला तो काही बंड म्हणून नव्हे, बहिणीची बोट चुकेल म्हणून. बंड नंतर झालं, आणि ते मात्र तिनं ठरवून, चारचौघांत केलं.

आंबेरीच्या ग्रामीण रुग्णालयातल्या गिरणीची तपासणी करायला ती गिरणी बनवणाऱ्या कंपनीकडून पुण्याहून आली होती. गिरणी पिठाची नव्हे, औषधाची. कपाटाएवढं यंत्र, एका अंगानं साधी रसायनं आत सोडायची, दुसऱ्या अंगानं ताज्या गोळ्या बाहेर. कंपनीनं त्याला ‘अणुमणी संश्लेषक’ असं भारदस्त नाव दिलं होतं, पण ते उच्चारायच्या भानगडीत कोण पडतो? लोक सरळ ‘दळण आणायला चाललो’ म्हणत आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन येत. गिऱ्हाईक थोडं म्हणून मोठ्या कंपन्यांनी ज्या औषधांकडे पाठ फिरवली होती, ती आता तालुक्याच्या गावी मिळू लागली होती. आणि या यंत्राचा सगळा जीव ज्या बारीक मण्यांत होता, ते मणी संपदानं आणि तिच्या रेगेसरांनी बनवले होते. तिला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! खाडीपलीकडच्या तिच्या गावात कुणी ‘गिरणीतली गोळी’ म्हणालं की ही उगाच पदर नसताना पदर सावरल्यासारखं करायची.

तपासणी तशी सोपी. गिरणीतले चिमूटभर मणी काढायचे, चंबूत घालायचे, त्यावर तपासणीचं द्रावण ओतून गरम करायचं. त्या द्रावणात दोन रसायनं अशी निवडलेली की ती एकमेकांना जोडली गेली की पाण्याला रंग चढतो. रंग लिंबाच्या सरबताइतका फिकट आला की काम अर्ध्यावर आलं असं समजायचं, चंबू गार होऊ द्यायचा, मणी गाळून बाजूला करायचे आणि उरलेलं पाणी पुन्हा तापवायचं. मणी काढल्यावर रंग तिथंच थांबला, तर हे काम करणारा धातू मण्यांतच आहे, मणी धड आहेत. रंग चढतच गेला, तर धातू मण्यांतून सुटून पाण्यात उतरला आहे. इतक्या वर्षांत एकदाही रंग चढला नव्हता.

चंबू गार होईपर्यंत चहा घ्यायचा, हा रेगेसरांच्या प्रयोगशाळेचा रिवाज. गरम गाळायचं नाही. सरांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाच्या हाडीमाशी हे वाक्य खिळलेलं होतं.

त्या दिवशी मात्र चहाला सवड नव्हती. जेटीवरून शलाका बोटीचा भोंगा वाजवत होती. शलाका म्हणजे संपदाची धाकटी बहीण, आंबेरीच्या खाडीत फेरीबोट चालवते. एसटीचा ड्रायव्हर जाऊन कैक वर्षं झाली, गाड्या आपल्या आपण धावतात. पण ही खाडी रोज गाळ हलवते आणि रोज वाट बदलते, तिथं अजून माणूस लागतो. ओहोटी लागायच्या आत निघालं नाही तर बोट चिखलात बसते आणि भरती येईपर्यंत तसूभर हलत नाही. शलाका कुणासाठी थांबत नसे, सख्ख्या बहिणीसाठी तर मुळीच नाही.

‘‘एवढं काय होतंय,’’ म्हणत संपदानं वाफाळता चंबू फडक्यात धरून तसाच गाळला, खालचं पाणी झाकून पुन्हा विजेच्या मंद तव्यावर ठेवलं आणि पर्स काखोटीला मारून धावत सुटली.

सकाळी परत येऊन पाहते तर पाणी गडद केशरी.

आधी वाटलं, गाळणकागद फाटला असेल. तिनं पुन्हा केलं. गरम गाळलं, रंग चढला. गार करून गाळलं, रंग जिथल्या तिथं. पुन्हा गरम, पुन्हा केशरी. दुपारपर्यंत टेबलावर फिकट आणि गडद चंबूंची जोडीजोडीनं रांग लागली, आणि गिरणी चालवणाऱ्या धनावडे सिस्टर विचारत राहिल्या, ‘‘मॅडम, जेवून तरी घ्या. काय बिघडलंय का?’’

काय बिघडलं होतं ते समजून घ्यायला फार रसायन लागत नाही. दोन रेणू एकमेकांना सहजी जोडले जात नाहीत. त्यांना मध्यस्थ लागतो. पॅलेडियम हा धातू असा मध्यस्थ आहे. तो जोडी जमवतो आणि स्वतः सुटा होऊन पुढच्या जोडीकडे वळतो. यालाच उत्प्रेरक म्हणतात. अडचण एवढीच की धातू नुसता पाण्यात सोडला तर काम झाल्यावर तो औषधातच मिसळून राहतो. महाग धातू जातो तो जातोच, वर पोटात जातो. म्हणून संपदानं आणि सरांनी पॉलिमरचे, म्हणजे एका तऱ्हेच्या प्लास्टिकचेच म्हणा ना, सच्छिद्र मणी केले. त्या मण्यांच्या आतल्या धाग्यांना फॉस्फरसचे हात लावले आणि त्या हातांत धातू धरून ठेवला. औषध मण्यांमधून वाहत जाणार, धातू जागेवर राहणार. गाळा आणि पुन्हा वापरा.

आणि ते तसंच होत होतं, मणी नवे असेपर्यंत. जुन्या मण्यांचे हात सैल पडत होते. तापलं की धातू हात सोडून पाण्यात उतरत होता, तिथं हिंडून आपलं काम करत होता आणि गार होऊ लागलं की गुपचूप मण्यांत परत येत होता. पोरं दिवसभर उंडारून दिवेलागणीला घरात हजर होतात, तसा. चंबू गार करून गाळणाऱ्याला सगळी पोरं घरातच दिसणार. पण गिरणीत चंबू नसतो. गिरणीत गरम पाणी मण्यांमधून पुढं वाहून जातं, गोळ्यांच्या भांड्यात. तिथं गेलेला धातू परत येत नाही. चहा पिऊन गाळणाऱ्या सगळ्या हुशार माणसांच्या हे कधी ध्यानातच आलं नाही. गोळ्यांची तपासणी गिरणी बसवताना व्हायची, मणी नवे असताना. पुढं दरवर्षी फक्त मण्यांची, आणि तीही गार.

संपदानं शलाकाच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून पुण्याला नेली आणि मोजणी केली. धातू होता. उद्या कुणी मरावं इतका नव्हता. पण वर्षानुवर्षं रोज पोटात जाऊ द्यावा इतका थोडाही नव्हता. मग आणखी गावांतून गोळ्या मागवून मोजल्या, तर नव्या गिरण्यांच्या स्वच्छ निघाल्या. जुन्या गिरण्यांच्या सगळ्या तशाच.

आता शलाकाबद्दल सांगायला हवं. तिला लहानपणापासून फिट येत. पंधराव्या वर्षी ती जेटीवरून उभीच्या उभी पाण्यात पडली; संपदानं उडी मारून तिला केसांना धरून ओढलं होतं. तिला येणाऱ्या प्रकारच्या फिटवर एकच औषध लागू पडायचं आणि ते बनवणं कंपन्यांनी सोडून दिलं होतं. आंबेरीला गिरणी आली आणि शलाकाची फिट गेली. मग लायसन आलं, बोट आली, खाडीवर हुकूम आला. अशा बहिणीला जाऊन सांगायचं की तुझी गोळी नासलेली आहे.

शलाका बोटीत बसून फळ्यांवरचं शेवाळ खरवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘‘मग?’’

‘‘मग काय? कळवायला लागेल.’’

‘‘कळव ना. लगेच गिरणीला टाळं लागेल. मला आठवड्याभरात फिट येईल, लायसन जाईल आणि मी आईशेजारी बसून कोळंबी सोलीन. तुझा काय तो धातू माझं दहा वर्षांनी वाकडं करील. फिट मला पहिल्या आठवड्यात खाडीत टाकील. कुठलं परवडतं, तूच सांग ताई. शिकलेली आहेस.’’

‘‘तुझ्या एकटीचा प्रश्न नाही शलू.’’

‘‘माझ्या एकटीचाच आहे. बाकीचे आपापलं बघतील.’’ तिनं खरवडणं जोरात चालू केलं. ‘‘आणि मला कशाला सांगायला आलीस? परवानगी मागायला?’’

संपदाला राग आला, रडूही आलं. पण बोटीतून उतरताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट भणभणत राहिली. टाळं लावायचं किंवा तोंड मिटायचं, हे दोनच रस्ते आहेत असं सगळे का धरून चालतात? धातू गार पाण्यात घरी परततो ना? मग गरम पाणी पुढं जायच्या आत त्याला घर दाखवलं तर? म्हणजे मुख्य नळीच्या पुढं आणखी एक नळी, नुसत्या रिकाम्या मण्यांची, धातू नसलेल्या, हात मोकळे असलेल्या मण्यांची. ती गारेगार ठेवायची. सुटलेला धातू तिथं अडकेल आणि पुढं स्वच्छ औषध जाईल. तिनं पुण्याला जाऊन आठवडाभर तेच केलं. चाललं. गिरणी जरा सावकाश चालते, इतकंच.

तिनं रेगेसरांना फोन करून नळीबद्दल सांगितलं, आणि मग आकडे घेऊन त्यांच्याकडे गेली. सर आता कंपनीचे मुख्य सल्लागार होते. त्यांच्या उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत गुळगुळीत, गुलाबी होती. संपदा शिकायला येण्याच्या कितीतरी आधी त्यांचा एक विद्यार्थी ईथरचं द्रावण गरम गाळायला गेला आणि भडका उडाला. सरांनी आगीत हात घालून त्याला ओढलं, पण तो वाचला नाही. तेव्हापासूनचा तो नियम. सरांबद्दल संपदाला अपार माया होती, आणि म्हणूनच आता बोलताना तिची जीभ जड झाली.

सरांनी आकडे पाहिले. चष्मा काढून ठेवला.

‘‘गरम गाळलंस?’’

‘‘हो.’’

‘‘का?’’

‘‘बोट सुटत होती म्हणून. पण बरं झालं. सर, आपण पाण्यात काम करायला लागून किती वर्षं झाली. आपलं द्रावण पेटतच नाही आता. मग तो नियम कशासाठी राहिला?’’

‘‘राहिला खरा,’’ सर म्हणाले. ‘‘तुझी दुसरी नळी मी संचालकांपुढं ठेवली, तू फोन केलास त्याच दिवशी. नाही म्हणतात. नळी का बसवली, असं कुणीतरी विचारणारच. शिवाय रिकामे मणी कुणीही बनवील. आपलं गुपित राहतं कुठं? दीड वर्षात नवे मणी येतील. तोवर तपासणी नेहमीच्या पद्धतीनं.’’

‘‘म्हणजे गार.’’

‘‘म्हणजे गार. संपदा, हे बाहेर गेलं तर सरकार एका सहीत सगळ्या गिरण्या बंद करील. लोकांचे हाल तुला बघवतील? तुझी शलाका...’’

‘‘शलाकाचं नाव तुम्ही काढू नका सर,’’ संपदा उठली. ‘‘ते नाव काढायचा हक्क हवा होता, तर तुम्ही तिची गोळी आधी मोजायला हवी होती.’’

असं ती सरांशी आजवर बोलली नव्हती. जिना उतरताना तिची मान ताठ होती.

आंबेरीच्या गिरणीच्या परवान्याचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. अशी तपासणी औषध निरीक्षकांसमोर होते आणि राज्यभरातल्या गिरणीवाल्या सिस्टर ती पडद्यावर पाहतात. शिकायला मिळतं म्हणून हा शिरस्ताच पडला होता. औषध निरीक्षक बागवान मॅडम आल्या, कडक इस्त्रीच्या, कमी बोलणाऱ्या. कंपनीकडून पाठारे नावाचे व्यवस्थापक आले. रेगेसर आले. दारात दळणाला आलेली माणसं उभी होती. शलाकाही आली होती, आणि तिच्या पायाशी थर्माकोलची एक पेटी होती. बोटीतल्या त्या भांडणापासून बहिणींचं बोलणं नव्हतं. संपदानं फक्त एक निरोप पाठवला होता, ‘बर्फ लागेल.’ जेटीवरच्या कारखान्यातला बर्फ, साहजिकच बोंबलाचा वास मारत होता.

संपदानं मणी चंबूत घातले, द्रावण ओतलं, गरम केलं. रंग फिकट पिवळा आला. शिपायानं चहाचा ट्रे आणला.

‘‘चहा नंतर,’’ संपदा म्हणाली आणि वाफाळता चंबू उचलला.

‘‘संपदा.’’ रेगेसरांचा आवाज मोठा नव्हता. ‘‘गरम गाळायचं नाही.’’

‘‘गिरणी गरमच गाळते सर. रोज गाळते. लोक तेच खातात.’’ तिनं नरसाळ्यात ओतलं. मणी वर राहिले, पिवळं पाणी खाली उतरलं. ते तिनं पुन्हा तापायला ठेवलं आणि हात बांधून उभी राहिली. ‘‘आता सगळ्यांनी बघा. यात मणी नाहीत. काही घडायला नको.’’

रंग चढू लागला. आधी हळदीच्या पाण्यासारखा झाला, मग केशरी, मग गडद. पडद्यावरच्या चौकोनांतल्या सिस्टर पुढं वाकून पाहू लागल्या.

पाठाऱ्यांना आधी काही कळलं नाही, कळलं तेव्हा ते रेगेसरांकडे वळले. ‘‘सर, थांबवा ना त्यांना. तुमच्या विद्यार्थिनी आहेत.’’

सरांनी आपला भाजका हात मांडीवर उपडा ठेवला. ‘‘माझ्या विद्यार्थिनी प्रयोग अर्धा सोडत नाहीत,’’ ते म्हणाले.

‘‘याचा अर्थ,’’ बागवान मॅडम म्हणाल्या, ‘‘मला हे यंत्र सील करावं लागेल.’’

दारातून कुजबुज उठली. एक म्हातारे आजोबा हातातली रिकामी डबी घेऊन तसेच उभे राहिले. शलाका मात्र बहिणीकडे पाहत होती. आणि संपदाला त्या नजरेत जेटीवरचा तो दिवस दिसला, जेव्हा विचार करायला वेळ नव्हता आणि तिनं नुसती उडी टाकली होती.

‘‘सील करायचा तुमचा अधिकार आहे मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘पण बिघडलेलं यंत्र सील करा. दुरुस्त झालेलं नको. मला थोडा वेळ द्या.’’

तिनं गिरणीचं दार उघडलं. आतल्या नळ्यांवर कंपनीचं लाल सील होतं. ते तोडणाऱ्यावर फौजदारी होईल, असं त्यावरच छापलेलं होतं. तिनं पक्कड लावून ते तोडलं. पाठारे ओरडायला लागले, करार, नोकरी, कोर्ट, काय काय म्हणाले. ‘‘हो, तेही होईल,’’ असं म्हणत तिनं पिशवीतून रिकाम्या मण्यांची नळी काढली, मुख्य नळीच्या पुढं जोडली आणि शलाकाच्या पेटीत, बर्फात पुरली. धनावडे सिस्टरनी न सांगता स्क्रू धरून दिले.

मग तेच तपासणीचं द्रावण तिनं गिरणीतून सोडलं. बर्फातून बाहेर आलं ते फिकट पिवळं पाणी. ते बागवान मॅडमनी स्वतःच्या हातानं तापायला ठेवलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सगळे त्याच्याकडे टक लावून बसले. चहावर साय धरली. पाणी उकळायला आलं, वाफ निघाली, आणि रंग पिवळाच राहिला. मॅडमनी आणखी वाट पाहिली. पिवळाच.

‘‘आता गोळी,’’ मॅडम म्हणाल्या. त्यांनी मोजणीचं आपलं यंत्र सोबत आणलं होतं. धनावडे सिस्टरनी शलाकाचं औषध दळायला लावलं. एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागला. मॅडमनी गोळी चुरून मोजणी केली, पुन्हा केली, आणि मान हलवली. धातू नव्हता.

‘‘नियमात बर्फाची पेटी बसत नाही,’’ पाठारे म्हणाले.

‘‘बसत नाही,’’ मॅडम म्हणाल्या, आणि शेरा लिहिता लिहिता मोठ्यानं वाचला, ‘‘यंत्र चालू ठेवावं. बर्फासह. बाकी सर्व जुनी यंत्रं अशी दुरुस्ती होताच चालू राहतील. ज्यांची होणार नाही, ती बंद. वरिष्ठांना मी उत्तर देईन.’’

तेवढ्यात पडद्यावरून एक आवाज आला. भामरागडकडच्या एक सिस्टर होत्या. ‘‘मॅडम, आमच्याकडे बर्फ मिळतो. मणी कुठून आणायचे?’’

पाठारे झटकन पुढं झाले. ‘‘कासेकर मॅडम, मण्यांची कृती कंपनीची आहे. एक शब्द बोललात तर आत जाल. विचार करा.’’ आणि ते पडद्याची वायर काढायला भिंतीकडे वळले. तिथं शलाका आधीच पाठ टेकून उभी होती.

‘‘सरका,’’ पाठारे म्हणाले.

‘‘मला फिट येते,’’ शलाका शांतपणे म्हणाली. ‘‘धक्का लागला आणि पडले, तर तुमच्यावर येईल.’’

दारातली माणसं हसली. पाठारे होते तिथंच थांबले.

संपदानं रेगेसरांकडे पाहिलं. सर तिच्याकडे पाहत नव्हते. ते त्या पिवळ्या चंबूकडे पाहत होते, डोळे भरलेले. तिला त्यांची दया आली, पण त्यासाठी थांबावंसं वाटलं नाही. नोकरी गेली होती. कोर्टाच्या खर्चात बहुतेक घरही जाणार होतं. हे तिनं येतानाच गृहीत धरलं होतं, आणि आता प्रत्यक्ष गेल्यावर भलतंच हलकं वाटत होतं.

ती पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली. ‘‘लिहून घ्या सगळ्यांनी. ज्यांच्या जवळ कॉलेजची प्रयोगशाळा आहे, त्यांना हे तिथं करून मिळेल. न जमलं तर मला फोन करा, कोर्टात असले तरी उचलीन. सुरुवात मण्यांपासून करू.’’

ती सांगत राहिली. सिस्टर प्रश्न विचारत राहिल्या. काही प्रश्न इतके नेमके होते की तिला थांबून विचार करावा लागला. बाहेर ऊन कललं. आजोबा डबी भरून घरी गेले. धनावडे सिस्टरनी शलाकाच्या हातावर नवी गोळी ठेवली. तिनं ती पाण्याच्या घोटाबरोबर घेतली आणि खिडकीतून खाडीकडे नजर टाकली.

संपदाला एकदम आठवलं. ती बोलता बोलता थांबली. ‘‘शलू, ओहोटी? बोट निघाली नाही अजून?’’

‘‘मघाच लागली ओहोटी. बोट चिखलात बसली.’’

‘‘अगं मग?’’

‘‘मग काय,’’ शलाका भिंतीला टेकलेली पाठ न हलवता म्हणाली. ‘‘भरती यायला अजून पुष्कळ वेळ आहे. तू सांग त्यांना.’’